बोर्डिंगचं दार कुणासाठी? कोल्हापुरातल्या एका वसतिगृहाचं प्रकरण

या प्रकरणातल्या संस्थेचं, समाजाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून खोल्या, रकमा आणि मतांचे आकडे थोडे बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणं मात्र घडली तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

कोल्हापुरात वसतिगृहाला 'बोर्डिंग' म्हणतात आणि त्या शब्दाआधी बहुतेक वेळा एखाद्या समाजाचं नाव असतं. हे का, ते माहीत असल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. त्याचा लाभ प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच होत राहिला. खेड्यातली बहुजनांची मुलं तिथं रुजली नाहीत. तेव्हा महाराजांनी वाट बदलली. १९०१ मध्ये मराठा आणि जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, अशी समाजवार बोर्डिंगं उभी राहत गेली. दरबारनं पाठबळ दिलं, कारभार ज्या त्या समाजाच्या हाती ठेवला. आज दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहिलं तर यातल्या काही वास्तू आजूबाजूलाच आहेत.

या प्रकरणातलं बोर्डिंग त्यांपैकी नाही. स्वातंत्र्यानंतर, जुन्या बोर्डिंगांचा कित्ता गिरवत, एका मध्यम आकाराच्या समाजानं वर्गणी काढून ते बांधलं. तीन मजले, मजल्यावर ८ खोल्या, खोलीत ३ खाटा, म्हणजे ७२ मुलांची सोय. मागं स्वयंपाकघर आणि जेवणाचा हॉल, हॉलमध्ये समाजाच्या संतांची तसबीर. शाहूवाडी, भुदरगड, चंदगड, गगनबावडा या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांची मुलं इथं राहून शिकली. त्यांतले काही पुढं प्राध्यापक, फौजदार, इंजिनिअर झाले. संस्थेच्या घटनेत प्रवेशाची अट एका ओळीची होती: 'समाजातील गरीब व होतकरू विद्यार्थी'.

अडचण

ज्या वर्षी वाद पेटला त्या वर्षी जूनअखेर ७२ पैकी ४१ खाटाच भरल्या होत्या. कारणं उघड होती. समाजातली बरी परिस्थिती असलेली घरं मुलांना थेट पुण्याला पाठवू लागली होती. जी कोल्हापुरात येत त्यांना राजारामपुरीत किंवा विद्यापीठाच्या बाजूला कॉट बेसिसवर खोली मिळत होती, तिथं रात्री दहाला दार बंद होत नाही. गच्चीचा स्लॅब दोन पावसाळे गळत होता, वरच्या मजल्यावर बादल्या मांडाव्या लागत. दुरुस्तीचा अंदाज साडेचार लाखांचा, आणि शिल्लक जेमतेम सव्वा लाख.

पैशाची अडचण जुनीच होती. वादाला तोंड फोडलं ते रेक्टरांच्या रजिस्टरमधल्या एका पानानं. गगनबावड्याकडच्या एका वाडीतला मुलगा तंत्रनिकेतनला लागला होता. वडील पत्र्याची पेटी घेऊन त्याला सोडायलाच आले, चौकशी न करता, कारण शेजारगावचा एक मुलगा इथं राहिलेला त्यांना माहीत होतं. मुलगा दुसऱ्या समाजाचा निघाला. रेक्टरांनी नियमानं नकार दिला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'खाटा शिल्लक ३१. नियमात बसत नाही. पेटीसह परत.' हे पान त्यांनी पुढच्या बैठकीत अकरा जणांच्या कार्यकारिणीसमोर उघडून ठेवलं. तोंडानं काही बोलले नाहीत.

शब्द एक, अर्थ चार

पुढच्या तीन बैठका केवळ 'वैविध्य' या शब्दावर गेल्या. सगळेच वैविध्याच्या बाजूचे, पण प्रत्येकाला अभिप्रेत असलेली गोष्ट वेगळी. ही मतं सविस्तर मांडतो, कारण असा वाद जिथं जिथं होतो तिथं यातली दोन-तीन तरी असतातच.

ज्येष्ठ विश्वस्तांचं म्हणणं असं की समाजाचं वैविध्य म्हणजे अनेक घरं शेजारी शेजारी नांदणं. प्रत्येकाला स्वतःची चूल, स्वतःची भाषा, स्वतःचा संत. ही घरं पाडून एकच मोठा वाडा केला की त्यात मोठ्यांचा आवाज राहतो आणि लहान समाज विरघळून जातो. १८९६ चा अनुभव त्यांच्या हाताशी होता: दार सगळ्यांना उघडं ठेवलं म्हणून सगळे आत येतात असं नाही. हा युक्तिवाद कच्चा नाही. तो जातीयवाद म्हणून उडवून लावणाऱ्या तरुण सभासदांनी सुरुवातीलाच मोठी चूक केली आणि दोन महिने वाया घालवले.

माजी विद्यार्थ्यांचा गट म्हणत होता, वैविध्य म्हणजे एका खोलीत वेगवेगळी माणसं. समाजवार बोर्डिंग ही त्या काळाची शिडी होती, शिडीवर कुणी संसार मांडत नाही. त्यांनी कर्मवीर भाऊराव पाटलांचं उदाहरण दिलं. याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेले भाऊराव विद्यार्थी असताना कोल्हापुरात समाजाच्या बोर्डिंगात राहत. मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांना आंघोळ करून आत यायला सांगितलं गेलं, त्यांनी नकार दिला आणि त्यांना ते बोर्डिंग सोडावं लागलं. त्याच भाऊरावांनी पुढं साताऱ्यात १९२४ मध्ये सर्व जातिधर्मांची मुलं एकत्र राहतील, एकत्र जेवतील असं वसतिगृह उभं केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. समाजवार बोर्डिंगं देणारे शाहू आणि त्यांच्याच नावाचं मिश्र बोर्डिंग, दोन्ही खरे. दोन्ही गट शाहू महाराजांचंच नाव घेऊन भांडत होते, आणि दोघांकडेही अर्धाच इतिहास होता.

तिसरं मत एका निवृत्त शिक्षिकेचं, कार्यकारिणीतल्या एकमेव बाई. त्यांचा या शब्दालाच आक्षेप होता. 'अमुक समाजाचे दोन, तमुक धर्माचे तीन अशी पोरं मोजून मांडायची आणि अहवालात फोटो छापायचा, हे मला नको. गरज बघा, गुण बघा. वैविध्य आपोआप येईल, नाही आलं तर का नाही आलं ते शोधा.' म्हणजे उद्दिष्ट समता. वैविध्य हा तिचा परिणाम.

चौथं मत कुणी विचारलंच नव्हतं. मुलांच्या प्रतिनिधीला तिसऱ्या बैठकीत पाच मिनिटं दिली गेली तेव्हा तो म्हणाला, की सीमाभागातून आलेली चार मुलं घरी कानडी बोलतात आणि मेसमध्ये त्यांची नक्कल होते. पोटजातीवरून टोमणे चालतात. ज्याच्याकडे गाडी आहे तो पाण्याची बाटलीसुद्धा दुसऱ्याकडून भरून घेतो. 'आण्णा, आपण सगळे एकच आहोत असं तुम्ही म्हणता. आम्ही आताच एक न्हाई.' एकजिनसी समजलेल्या घरातही भेद होतेच, ते मोजले गेले नव्हते एवढंच.

पहिलं वळण: वाद कागदावर आणणं

चौथ्या बैठकीत रेक्टरांनी सुचवलं की वैविध्य चांगलं की वाईट हा विषय बाजूला ठेवू. प्रत्येकानं एका चिठ्ठीवर 'मला चालणार नाही ते म्हणजे…' हे वाक्य पूर्ण करायचं, खाली नाव लिहायचं नाही. अकरा चिठ्ठ्या आल्या. पाच स्वयंपाकघराबद्दल, तीन सायंप्रार्थना आणि तसबिरीबद्दल, दोन देणगीदार तुटण्याबद्दल, एकीवर 'भांडण पोलिसांत गेलं तर' एवढंच. कुठल्याही धर्माबद्दल वा जातीबद्दल एकही चिठ्ठी नव्हती.

अकरा जणांच्या मनात पूर्वग्रह नव्हतेच असं यावरून म्हणता येणार नाही. लिहून द्यायची वेळ आली की माणूस पूर्वग्रह लिहीत नाही, व्यवहार लिहितो. पण व्यवहारावर तोडगा निघतो. तिथून पुढं बैठकांचा सूर बदलला.

तोललेले पर्याय

आहे तसं ठेवून फी वाढवणं हा पहिला पर्याय. ४१ मुलांवर स्लॅबचा खर्च टाकला तर डोक्यावर अकरा हजार येत होते, म्हणून तो तिथंच संपला. खालचा मजला एका क्लासला भाड्यानं देणं हा दुसरा. पैसे त्यात सर्वांत जास्त होते, पण गरीब मुलांसाठी वर्गणी देणाऱ्यांशी ती प्रतारणा ठरली असती आणि उद्देशाबाहेरच्या वापरावर हरकत आली असती. सरसकट खुला प्रवेश, येईल त्याला आधी, हा माजी विद्यार्थ्यांचा आग्रह. त्यातला धोका शिक्षिकाबाईंनी दाखवला: जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज घेऊन उभा राहतो तो शहराजवळच्या गावचा, ज्याच्या घरी इंटरनेट आहे तो. वाडीवरचा मुलगा निकालानंतर दाखले गोळा करत पंधरा दिवसांनी येतो. आधी येणाऱ्याला आधी हा नियम दिसायला समान, पण पेटी घेऊन परत गेलेला मुलगा त्यातही परतच जाणार होता.

चौथा पर्याय असा: इतर समाजांच्या मुलांना घ्यायचं, पण त्यांना खालचा मजला आणि वेगळी मेस द्यायची. ज्येष्ठ आणि काही मधल्या फळीतले यावर एकत्र आले, ६ विरुद्ध ५ मतांनी हा ठराव मंजूरही झाला.

पाचवा नंतर आला आणि अखेर तोच राहिला: निम्म्या जागा समाजासाठी, निम्म्या कोणत्याही समाजाच्या गरजू मुलांसाठी, मजला एक, मेस एक. निम्म्याचा आकडा कुठून आला हे कोल्हापूरकराला सांगायला नको. २६ जुलै १९०२ च्या हुकमानं शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या होत्या. इथं त्याचा उपयोग तडजोडीचा आकडा म्हणून झाला. दोन्ही बाजूंना त्यापुढं घासाघीस करायला संकोच वाटला.

मंजूर झालेला ठराव मागं कसा घेतला

वेगळ्या मजल्याचा ठराव झाला त्याच बैठकीत सचिवांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. ठराव अमलात कसा आणायचा याचा तपशील रेक्टरांनी पंधरा दिवसांत आणावा, तोवर काही जाहीर करू नये, असं त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतलं.

रेक्टरांनी दोन पानं आणली. वेगळ्या मेससाठी एक आचारी, एक मदतनीस, दोन शेगड्यांची भट्टी, भांडी आणि जादा सिलिंडर मिळून महिन्याला २६,००० रुपये. खालच्या मजल्यावर २४ मुलं, म्हणजे डोक्यामागं हजारावर रुपये जास्त, तेही ज्यांना गरजू म्हणून घ्यायचं त्यांच्यावर. दुसऱ्या पानावर इमारतीचा नकाशा होता: जेवणाचा हॉल एकच, कपडे वाळत घालायची गच्ची एकच, आणि पिण्याच्या पाण्याचा फिल्टर पहिल्या मजल्यावर.

मुलांच्या प्रतिनिधीनं त्या नकाशावर बोट ठेवून विचारलं, 'खालच्या मजल्यावरचा पोरगा पाणी प्यायला वर आला तर चालणार हाय न्हवं?'

उत्तर कुणी दिलं नाही. ठरावाच्या बाजूनं मत दिलेल्यांतले एक ज्येष्ठ थोड्या वेळानं म्हणाले, 'मागं घ्या ते.' ठराव मांडणाऱ्यांच्या मनात शिवाशिव नव्हती, हे आम्ही मानतो. त्यांना भांडणं टाळायची होती. पण वेगळा मजला, वेगळी चूल, मग वेगळं पाणी असा जिना एकदा बांधला की उतरणारा कुठल्या पायरीवर थांबेल हे बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही. नकाशा समोर नसता तर हे कुणाच्या लक्षात आलं नसतं.

कायदेशीर पायऱ्या आणि तिथं झालेली चूक

संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, अशी दोन्हीकडे नोंदलेली होती. प्रवेशाची अट घटनेतल्या उद्देशातच असल्यानं कार्यकारिणीचा साधा ठराव पुरणारा नव्हता. १८६० च्या कायद्याच्या कलम १२ नुसार प्रस्तावाचा लेखी अहवाल सभासदांना विशेष सभेच्या किमान दहा दिवस आधी पोचवावा लागतो, सभेत तीन पंचमांश सभासदांची मतं लागतात, आणि एक महिन्याच्या अंतरानं दुसरी विशेष सभा घेऊन हजर असलेल्यांच्या तीन पंचमांश मतांनी तोच निर्णय कायम करावा लागतो. त्यानंतर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज. त्याला १९५० च्या कायद्याच्या कलम २२ ची मुदत ९० दिवसांची.

पहिली चूक इथं झाली. सभेची सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, अहवाल पोस्टानं पाठवलाच नाही. ग्रुपवर नसलेले वयस्कर सभासद नेमके बदलाच्या विरोधातले. एकानं लेखी हरकत घेतली आणि ती योग्यच होती. सभा रद्द करावी लागली, सहा आठवडे गेले, आणि आपल्याला डावललं ही भावना कायमची मनात राहिली.

दुसरी अडचण यादीची. पटावर २३१ सभासद, त्यांतले ४७ मयत, आणि उरलेल्या १८४ पैकी अनेकांची वर्गणी वर्षानुवर्षं थकलेली. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांहून अधिक थकबाकी असलेल्याला मतही नाही आणि तो मोजणीतही धरला जात नाही. थकबाकीदार वगळून गुपचूप सभा घ्या, असा सल्ला एका वकिलानं दिला होता. सचिवांनी तो न मानता थकबाकीदारांना पोस्टकार्ड पाठवून ३० दिवसांची मुदत दिली. अखेर १३८ पात्र सभासद ठरले, म्हणजे ८३ मतं हवी होती; ९१ मिळाली. दुसऱ्या सभेला ७४ जण आले, ५८ बाजूनं. विरोधातल्या १६ जणांनीही निकाल मानला, कारण वर्गणी भरून मत द्यायची संधी त्यांना मिळाली होती.

प्रवेश, खोल्या, दारावरची नावं

खुल्या निम्म्या जागांसाठी गुणांचा साधा तक्ता केला: कुटुंबाचं उत्पन्न ४० गुण, गावापासून कॉलेजचं अंतर आणि एसटीच्या फेऱ्या ३०, घरातून कॉलेजला जाणारी पहिली पिढी २०, दहावी-बारावीचे गुण १०. जातीचा रकाना ठेवला नाही. शिक्षिकाबाईंचं म्हणणं इथं पुरतं मानलं गेलं. एक तृतीयांश जागा जुलैच्या शेवटापर्यंत रिकाम्या ठेवल्या, उशिरा येणाऱ्या पेट्यांसाठी.

खोल्यांचं वाटप चिठ्ठ्या टाकून केलं, आणि ते फसलं. तिघांच्या खोलीत एकाच गावचे दोन दोस्त आणि तिसरा एकटा, असं पाच खोल्यांत झालं. त्यांतल्या दोन मुलांनी तीन आठवड्यांत खोली बदलून मागितली, एक घरीच निघून गेला. उघड वाद कुठंच नव्हता. फक्त त्या दोघांच्या गप्पांत याला जागा नव्हती. नंतरचा नियम असा: प्रत्येकानं एका ओळखीच्याचं नाव सुचवायचं, त्या दोघांना एका मजल्यावर ठेवायचं पण एका खोलीत नाही. म्हणजे खोलीत तिघेही परके, आणि पाठीला कुणीतरी दोन दारं सोडून. हा बदल लागू पडला. मिश्र वसतिगृह करू पाहणाऱ्या कुणालाही आमचा एकच सल्ला द्यायचा झाला तर तो हाच: एकट्याला एकटं टाकू नका, आणि जोडी खोलीत कोंडू नका.

दारावरच्या नावांचा प्रसंग वेगळ्या कारणानं लक्षात राहण्यासारखा आहे. पूर्वी प्रत्येक दारावर छापील यादीत पूर्ण नावं असत. बदलाच्या उत्साहात माजी विद्यार्थ्यांनी आडनावं काढून फक्त नाव आणि गाव लिहायचं ठरवलं, म्हणजे जात कळणार नाही. पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलानं कागदावर खडूनं आपलं आडनाव वाढवलं. रेक्टरांनी विचारल्यावर म्हणाला, 'सर, तुम्ही लपवलंत ते माझ्या सोयीसाठी का तुमच्या? माझ्या आज्ज्याला हे आडनाव लावायला लाज वाटायची. मला न्हाई वाटत.' ज्यांच्या भल्यासाठी नियम केला त्यांना न विचारता केला होता. आता दारावर एक काळी पाटी आहे. ज्याला जे लिहायचं ते तो लिहितो. कुणी नुसतं नाव, कुणी पूर्ण, कुणी तालमीचं नाव. कानडी लिपीतलंही एक आहे.

स्वयंपाकघर

अकरापैकी पाच चिठ्ठ्या याच विषयावरच्या होत्या, त्यामुळे इथं सर्वांत जास्त तयारी केली होती. बुधवार आणि रविवारी मटण किंवा चिकन, इतर दिवशी शाकाहारी. दोन्ही रश्शांची पातेली वेगळ्या शेगडीवर, शाकाहारी ताटं आधी. तरी दुसऱ्याच रविवारी वाढपी मुलानं पांढऱ्या रश्शातली पळी आमटीत घातली. सहा मुलं ताटावरून उठली. त्यांत समाजातली चार होती. वाद 'आपले' आणि 'बाहेरचे' यांच्यातला नव्हताच, शाकाहारी आणि मांसाहारी यांच्यातला होता. ती आमटी आचाऱ्यानं बाजूला काढली आणि पिठलं टाकलं, वीस मिनिटांत. दुसऱ्या दिवशी मांसाहारी पळ्यांच्या दांड्यांना इलेक्ट्रिशियनची लाल टेप गुंडाळली गेली आणि त्या वेगळ्या खिळ्यांना टांगल्या गेल्या. तेव्हापासून तशी चूक झालेली नाही.

मटण कुठून आणायचं यावर दोन मुस्लिम मुलांनी संकोचत विचारलं होतं. दुकान हलालचं आहे का, एवढाच प्रश्न. आचाऱ्याला कळलं की तो पंधरा वर्षं ज्या दुकानातून आणतो ते तसंच आहे. त्यावर इतर कुणाला हरकत घ्यायची आहे का, हे मेस समितीनं उघड विचारलं. कुणी घेतली नाही. विचारलं हे महत्त्वाचं, नाहीतर वर्षभरानं कुणीतरी शोध लावल्यासारखं सांगितलं असतं. रमजानमध्ये पहाटेसाठी चपात्या, भाजी आणि चहाचा थर्मास रात्रीच झाकून ठेवायचा, हे आचाऱ्यानं स्वतःहून सुरू केलं. जैन मुलगा एकच होता. त्याचं कांदा-लसणाशिवायचं ताट संध्याकाळी सहाला काढून ठेवणं जमलं, कंदमुळं पूर्ण टाळणं रोज जमलं नाही, आणि ते जमणार नाही हे त्याला पहिल्या दिवशी स्पष्ट सांगायला हवं होतं.

सगळ्यांत मोठी गफलत श्रावणात झाली. मांसाहार महिनाभर बंद करायचा हा बोर्डिंगचा जुना रिवाज आचाऱ्यानं यंदाही पाळला. कुणी त्याला वेगळं सांगितलं नव्हतं आणि कुणाला विचारायचं सुचलंही नव्हतं. श्रावण न पाळणाऱ्या १७ मुलांनी अर्ज दिला: फी तीच, मग ताट वेगळं का? ज्येष्ठांना हा उद्धटपणा वाटला. त्यांच्या लेखी श्रावण हा बोर्डिंगचा श्वास होता. अखेर ठरलं की श्रावणात बुधवारी, वेगळ्या शेगडीवर, मागणाऱ्यांना अंड्याची आमटी मिळेल, मटण-चिकन नाही. दोन्ही बाजू थोड्या नाराज राहिल्या. आमच्या मते इथं दुसरा चांगला तोडगा नव्हता, पण तो जूनमध्ये, शांत डोक्यानं निघायला हवा होता.

प्रार्थना

तसबीर राहिली, ज्यांनी बोर्डिंग बांधलं त्यांची श्रद्धा ती आहे आणि ती उतरवा असं नव्या मुलांतल्या कुणीही म्हटलं नाही. जेवणाआधीची सक्तीची सायंप्रार्थना मात्र सातला वेगळी केली, हजेरी बंद केली. परिणाम असा की समाजातली निम्मी मुलंही येईनाशी झाली. ज्येष्ठांनी जी भीती पहिल्या बैठकीत बोलून दाखवली होती ती इथं खरी ठरली, आणि हे नोंदवलंच पाहिजे. एका विश्वस्तांनी याच कारणावरून राजीनामा दिला. त्यांना भेटायला तिघे जाऊन आले. ते परत आले नाहीत.

दोन वर्षांनंतर

७२ पैकी ६६ खाटा भरलेल्या आहेत. समाजाची मुलं ३३, बाकी ३३ इतर, त्यांत धनगरवाड्यांवरची, मुस्लिम, बौद्ध, लिंगायत, मराठा. समाजाची मुलं आधी ४१ होती, म्हणजे आठ घटली. बदलामुळे का पुण्याच्या ओढीनं, हे कुणालाही खात्रीनं सांगता येत नाही आणि दोन्ही गट आपापल्या सोयीचं कारण देतात. दोन जुन्या देणगीदारांनी हात आखडला, माजी विद्यार्थ्यांनी स्लॅबसाठी दोन लाख उभे केले. गच्ची आता गळत नाही. खोली बदलण्याचे अर्ज पहिल्या वर्षी ११, दुसऱ्या वर्षी ३. पेटी घेऊन परत गेलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षी पत्र पाठवलं होतं. तोवर त्यानं गोकुळ शिरगावला कामाला लागून शिक्षण सोडलं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

मुलांना तिसऱ्या बैठकीत पाच मिनिटं देण्याऐवजी पहिल्या बैठकीतच बसवायला हवं होतं. खोल्या, पाट्या, श्रावण, तिन्ही चुका त्यांना आधी विचारलं असतं तर टळल्या असत्या. मात्र विचारताना 'तुमच्या समाजाला काय वाटतं' असं विचारू नये. एका बैठकीत बौद्ध मुलाला तसं विचारलं गेलं आणि तो म्हणाला, 'मला भात आवडतो, चपाती कमी. समाजाचं मला माहीत न्हाई.'

देणगीदारांशी ठरावाआधी एकेकट्यानं बोलायला हवं होतं. त्यांना बातमी नातेवाइकांकडून कळली. ज्येष्ठांच्या युक्तिवादाला माजी विद्यार्थ्यांनी आदरानं उत्तर द्यायला हवं होतं. प्रार्थनेसाठी काही वेगळी वाट, उदाहरणार्थ महिन्यातून एकदा सर्वांसाठी कीर्तन किंवा भजन, आधी शोधली असती तर कदाचित ते विश्वस्त आज कार्यकारिणीत असते.

आणि एक काम अजून अर्धवट आहे. मजल्यावरची संडास-बाथरूम मुलांनी पाळीपाळीनं धुवायची असं पहिल्या वर्षी ठरलं होतं. चार महिन्यांत पाळी मोडली: परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी, मग कुणीच नाही. आता महिना ४,५०० रुपयांवर एक काका येतात. ते ज्या समाजातले आहेत त्याच समाजातली दोन मुलं दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांतल्या एकानं मेस समितीच्या वहीत लिहिलं, 'काकांना हॉलमध्ये पंगतीला वाढावं. ते मागच्या पायरीवर बसून खातात.' समितीनं पुढं 'मंजूर' लिहून सही केली. काका अजून पायरीवरच बसतात, सवय हाय म्हणतात. पाळी पुन्हा सुरू करण्याचा विषय पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तिसऱ्या क्रमांकावर आहे.